आधणाची खूण

माझ्या मुलीला सगळं दोनदा मोजायची खोड आहे. जिन्याच्या पायऱ्या, दोरीवरचे कपडे, सुकत घातलेले बोंबील, काही म्हणून सोडत नाही. चिपळूणला दवाखान्यात नर्स आहे, त्यामुळे नाडीचे ठोके मोजून मोजून सवय लागली असेल, अशी मी मनाची समजूत घातली होती. पण खोड त्याच्या कितीतरी आधीची. शाळेत असतानाही रात्री दप्तरातली पुस्तकं मोजायची, झोपताना उठून परत मोजायची. मी तिला मोजणीदारीण म्हणते. घरात पाऊल टाकलं की माझं सुरू, आली गो मोजणीदारीण, सांग बघू आमची जमीन किती भरली. ती हसते, आणि मोजत राहते.

तर ही मोजणीदारीण दिवाळी सरल्यावर दोन दिवसांची सुट्टी काढून आली आणि पाणी पिता पिता म्हणाली, संध्याकाळच्या बोटीची दोन तिकिटं काढलीत. आमच्या दाभोळात तेव्हा पर्यटकांसाठी महोत्सव भरला होता. किनाऱ्यावर खाण्याचे स्टॉल, स्टेजवर गाणी, आणि शेवटच्या संध्याकाळी फटाक्यांची आतषबाजी. ती पाण्यातून बघायची म्हणून बोटी माणसं भरभरून खाडीच्या मुखाशी नेणार होत्या.

मी म्हटलं, तू जा, मला पापड करायचेत. पापडाचं पीठसुद्धा भिजवलेलं नव्हतं. मी फटाके बघत नाही हे अख्ख्या वाडीला ठाऊक आहे, तिला तर आहेच. अठरा वर्षांत घरात साधी फुलबाजी आणलेली नाही. पण त्या दिवशी ती हटून बसली. वाद घालणारी पोर नाही ती, माझ्याच तोंडाला तोंड द्यायला लहानपणापासून घाबरते. त्या दिवशी मात्र तीनतीनदा म्हणाली, चल ना आई, एकदाच. मग मी चिडले, भांडी आपटली, आणि शेवटी साडी बदलून निघाले. माझं हे असंच. आधी तडतडायचं आणि मग करायचं. वाडीत मला फटकळ म्हणतात ते काही खोटं नाही.

पुढचं सांगण्याआधी अठरा वर्षांपूर्वीचं सांगायला हवं. ते मी त्या संध्याकाळपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

आमचं घर वाडीपासून जरा सुटं, टेकाडावर आहे. बाकी घरांची तोंडं खाडीच्या आत, जेटीकडे. आमच्या मागच्या दारातून मात्र खाडीचं मुख दिसतं, समुद्र जिथं आत शिरतो ती जागा. तिथं पाण्याखाली वाळूचा दांडा आहे. ओहोटीला तिथं पाणी उथळ होतं आणि लाटा फुटतात. होडी आत आणायची तर एका चिंचोळ्या वाटेनंच आणावी लागते, आणि मशीन धड असावं लागतं.

नवरा एकटा छोटी होडी घेऊन जाळी उचलायला जायचा. तेव्हा वाडीत दोन-चार मोबाइल आले होते, पण समुद्रावर त्यांचा काही उपयोग नव्हता. त्यानं लग्न झाल्या झाल्या एक खूण ठरवली होती. दांड्याच्या बाहेर आला की काठीला चिंध्या गुंडाळून, डिझेलात बुडवून पेटवायचा, आणि ती चूड तीन वेळा हवेत हलवायचा. तीन वेळा म्हणजे आलो, आधण ठेव. मी चुलीवर भाताचं पाणी चढवायचं. तो होडी बांधून, मासळी उतरवून, टेकाड चढून येईस्तोवर भात वाफेवर आलेला असायचा. पुढं मुलगी मोठी झाली तशी चूड बघायचं काम तिनं घेतलं. मागच्या दाराबाहेर दगडावर उभी राहायची, मोठ्यानं एक-दोन-तीन म्हणायची, आणि आत धावत यायची. आई, आधण ठेव!

आणि चूड न थांबता हलत राहिली तर माणूस अडचणीत आहे, हे या किनाऱ्यावर कुणालाही सांगावं लागत नाही. मला तर माहेरीच माहीत होतं.

ती दिवाळीची संध्याकाळ होती, मुलगी तेव्हा आठ वर्षांची. सकाळी आमचं भांडण झालं होतं. त्यानं आम्हाला दापोलीला बाजाराला न्यायचं कबूल केलं होतं, पोरीला फ्रॉक घ्यायचा होता, आणि ऐनवेळी म्हणाला, आज पापलेट लागतायत, उद्या जाऊ. मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, एक आठवतं. मी म्हटलं, संध्याकाळी ती चूड हलवत बसू नकोस, मी आधण ठेवणार नाही. तो हसला. भांडणात हसायची त्याची वाईट सवय होती. जाळं खांद्यावर टाकत पोरीकडे बघून म्हणाला, "तुझ्या आवशीनं तिनाला आधण नाय ठेवलं तर दहा वेळा हलवीन. बघू कशी नाय ठेवीत."

संध्याकाळी मी चुलीपाशी होते. खाली वाडीत पोरं फटाके वाजवत होती. बाहेरून पोरीचा मोजण्याचा आवाज आला, तशी मी तांदूळ धुतलेलं पाणी माडाला घालायच्या निमित्तानं दाराशी आले. पोर माझ्याकडे पाठ करून दगडावर उभी होती. चूड हलताना दिसली. फटाक्यांच्या आवाजात पोरीचा आकडा कळेना, ती तिसरी होती की चौथी, मला माहीत नाही. आणखी एकदा हलली. आणखी एकदा. माझ्या मनात काय आलं ते जसंच्या तसं सांगते. मनात आलं, आला मोठा, हलव मेल्या किती हलवायची ती. आतून हसू येत होतं आणि ते पोरीला दिसू द्यायचं नव्हतं. मी पाठ फिरवली आणि आत गेले.

थोड्या वेळानं पोर आत आली. म्हणाली, आई, तीन झाले, आधण ठेव. तीन नव्हते हे मी पाहिलं होतं. मला वाटलं, बापाला सामील आहे, त्याची बाजू सांभाळतेय. मी आधण ठेवलं.

भात झाला. भात निवला. मी आधी रागानं ताटं वाढून बसले, मग उठले, मग टेकाड उतरून धावत सुटले. पायात चप्पल नव्हती. माणसं होड्या घेऊन गेली. होडी दांड्यावर पालथी मिळाली. मशीन बंद पडलं असणार आणि ओहोटीनं तिला लाटांत ओढलं असणार, असं सगळे म्हणाले. तो तिसऱ्या दिवशी मिळाला. जेटीवर जमलेल्या माणसांनी मला विचारलं, घरातनं काय दिसलं का गो? पोर माझा पदर धरून उभी होती. मी म्हटलं, नाही. काही दिसलं नाही.

त्यानंतर आमच्या घरात संध्याकाळी आधण ठेवलं गेलं नाही. दुपारी भात, रात्री भाकरी. कोकणातल्या घरात रात्री भात नाही म्हणजे आलेला पाहुणा तोंडाकडे बघतो. मुलीनं मात्र कधी विचारलं नाही, आणि तिनं विचारू नये म्हणून मी देवाला हात जोडत आले. मला एकच भीती होती. मी पाहिलं होतं आणि पाठ फिरवली होती, हे तिला कळलं तर ती माझी राहणार नाही. माझ्याकडे दुसरं होतं काय?

बोटीत पुण्याकडची माणसं जास्त होती. सगळ्यांना लाइफजॅकेटं घातली. माझं पोटावर बसेना, तेव्हा मुलीनं पट्टे ओढून बसवलं, आणि मग जॅकेटं किती आणि माणसं किती हे दोनदा मोजलं. मी तिला कोपरानं ढोसलं. बोट चालवणारा तांडेल माझ्या नवऱ्याच्या बरोबरीचा, एकाच वयाचे ते. आता मासेमारी सोडून त्यानं बोटीत खुर्च्या बसवल्यात. मला बघून तो जरा गांगरला. वयनी, तुमी पण आलात, एवढंच म्हणाला आणि पुढची खुर्ची पुसून दिली.

सूर्य बुडाल्यावर बोट निघाली. जेटी मागं पडली, मग पलीकडच्या धोपाव्याची फेरीबोट मागं पडली. मी पाण्याकडे बघत नव्हते, हातातल्या पिशवीकडे बघत होते. लाटांचा आवाज बदलला तेव्हा न बघताच कळलं, दांडा जवळ आला. मशीनचा आवाज कमी झाला आणि बोट जागच्या जागी डुलू लागली. मी मान वर केली. टेकाडावर आमचं घर दिसत होतं. मागच्या दारावरचा दिवा मी लावून आले होते, तो दिसत होता. इथून तो एवढा स्पष्ट दिसतो हे मला माहीत नव्हतं. अठरा वर्षांत मी घरातून इथं खूप वेळा पाहिलं होतं. इथून घराकडे एकदाही नाही. म्हणजे त्याला माझं दार दिसत होतं. दारात कोण येतं, कोण आत जातं, सगळं दिसलं असेल.

तेवढ्यात पहिला फटाका सुटला. वर जाऊन फुटला, लाल, आणि सगळं पाणी लाल झालं. माणसं ओ करून ओरडली. मग हिरवे, सोनेरी, एकामागून एक. आवाज छातीत बसत होता. छान होतं, खोटं कशाला बोलू. कुणाही सुखी माणसाला आवडलं असतं. मी खुर्चीची कड धरून बसले होते आणि मुलगी माझा दुसरा हात धरून बसली होती.

मधे थोडा खंड पडला. किनाऱ्यावर माइकवर कुणीतरी बोलत होतं. आमच्या बोटीतल्या एका बाईनं तांडेलाला विचारलं, काका, पूर्वी फोन नव्हते तेव्हा समुद्रातून घरी निरोप कसा द्यायचे? तो खुशीत होता. हे असले प्रश्न त्याला आवडतात. सांगू लागला, चूड पेटवायची, डिझेलची. आमच्यात एक होता, तीन वेळा हलवायचा, बायकोनं भाताचं आधण ठेवावं म्हणून. बोटीतली माणसं हसली. कित्ती गोड, असं ती बाई म्हणाली. तो पुढं म्हणाला, तीन वेळा हलली तर भात, आणि थांबलीच नाय तर समजायचं, माणूस... आणि तेवढ्यात त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. वाक्य तोंडातच राहिलं. उगाच वळून मशीनकडे बघत बसला.

दुसरी आतषबाजी सुरू झाली. मुलीनं तोंड माझ्या कानाशी आणलं, फटाक्यांच्या आवाजामुळं तसंच बोलावं लागत होतं. "आई, मी तुला तीन सांगितले. सात होते."

मी तिच्याकडे पाहिलं.

तिनं मग सगळं सांगितलं, थांबत थांबत, वर एकेक फुटत असताना. बाबा दहा म्हणाले होते म्हणून ती दहाची वाट बघत होती. सात झाले आणि चूड विझली. तिला वाटलं, बाबा दमले. तिनं थोडं थांबून पाहिलं, परत पेटली नाही. मग तिला भीती वाटली, बाबांची नव्हे, माझी. बाबा दहा म्हणाले आणि सातच केले, सकाळसारखा परत शब्द मोडला, हे कळलं तर आई परत चिडेल, आधण ठेवणार नाही, आणि बाबा घरी आल्यावर भांडण होईल. म्हणून तिनं आत येऊन तीन सांगितले. ती दहा वर्षांची असताना शाळेतल्या कुणीतरी तिला सांगितलं, न थांबता हलणारी चूड म्हणजे काय. तेव्हापासून ती सगळं दोनदा मोजते. हे सांगून ती म्हणाली, मी खरं सांगितलं असतं तर तू धावली असतीस. तू जेटीवर सगळ्यांना 'काही दिसलं नाही' म्हणालीस, मला पाठीशी घातलंस, आणि अठरा वर्षं एक शब्द काढला नाहीस. मला आता ते सहन होत नाही. इथं आणून सांगायचं ठरवलं होतं.

सात. आणि विझली. मला विझलेली माहीत नव्हती. मी पाठ फिरवली तेव्हा ती हलत होती, त्यामुळं माझ्या मनात ती नेहमी हलतच राहिली होती.

एका फटाक्यानंतर दुसरा फुटायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ माझ्याकडे होता. गप्प बसले असते तर चाललं असतं. तिला जवळ घेऊन, जाऊ दे गो बाय, तू लहान होतीस, असं म्हटलं असतं तर ती रडली असती, मोकळी झाली असती, आणि जन्मभर माझी राहिली असती. पण मनातून दोष स्वतःकडेच ठेवला असता तिनं. माझ्या पोरीच्या मानेवर माझा दगड होता, आणि मी तिला मोजणीदारीण म्हणून चिडवत होते. लाज वाटली मला. एवढी लाज जन्मात वाटली नव्हती.

मी म्हटलं, "मी पण पाहिलं होतं. दारातून. तू आत यायच्या आधी."

तिला ऐकू आलं नाही असं वाटलं, म्हणून मी परत सांगितलं. तिनाहून जास्त होते हे मला माहीत होतं. तू तीन म्हणालीस तेव्हा तू खोटं बोलतेयस हेही माहीत होतं. तू खरं सांगितलं असतंस तरी मी धावले नसते. मला वाटत होतं तो मस्करी करतोय. मी रागात होते, आणि रागाच्या आत हसत होते, आणि पाठ फिरवली.

"आणि जेटीवर? काही दिसलं नाही म्हणालीस ते?"

"ते तुझ्यासाठी नव्हतं," मी म्हटलं. "माझ्यासाठी होतं."

तिनं हात सोडवून घेतला. झटकला नाही, हळूच काढून घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला. शेवटचे फटाके एकदम सुटले, आभाळ भरून गेलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. त्या उजेडात मी तिचा चेहरा बघत होते आणि ती आमच्या घरावरचा दिवा बघत होती. मग धूर पाण्यावर उतरला आणि तांडेलानं बोट वळवली. जेटीला उतरताना तिनं मला हात दिला, पाय सांभाळ म्हणाली. कुणाही म्हाताऱ्या बाईला म्हणाली असती तसं.

घरी मी भाकरी केल्या. ती जेवली. मी दोनदा काहीतरी बोलायला गेले, दोन्ही वेळा ती म्हणाली, आता नको आई. एवढंच. ती भांडली असती तर मला कळलं असतं काय करायचं ते. भांडण मला येतं. तिनं झोपताना दप्तरासारखी आपली पिशवी उघडली, आतलं सामान मोजलं. मी पांघरुणातून बघत होते. एकदाच मोजलं.

सकाळी तिला फेरीबोटीनं धोपाव्याला जाऊन पुढं चिपळूणची एसटी पकडायची होती. मी जेटीपर्यंत गेले, तिनं नको म्हटलं नाही. वाटेत तांडेल भेटला, मान खाली घालून गेला. माझी मुलगी फेरीबोटीवरून हात हलवत नाही, कधीच हलवला नाही. कठड्याला धरून उभी राहते, आणि मी फार वेळ न थांबता मागं फिरते, दर वेळचं हेच. तिला आवडत नसेल, असं मी धरून चालले होते. कसं आवडेल? एवढंही मला कधी कळलं नाही.

त्या दिवशी फेरीबोट सुटली, खाडीच्या मध्यावर गेली, आणि तिनं हात वर केला.

मी मोजू लागले. एक. दोन. तीन. तिला तिथून मी दिसत होते, हे आता मला माहीत होतं. चार. पाच. मागून एक टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, मी वाटेत उभी होते. सहा. सात.

सातानंतर हात खाली आला. रागानं हलवला की मायेनं, ते मला आजही सांगता येणार नाही. मी पाठ फिरवली नाही. आठव्याची वाट बघत उभी राहिले. फेरीबोट पलीकडे लागली, गाड्या उतरल्या, माणसं उतरली, त्यातली कोणती माझी ते दिसेनासं झालं, आणि टेम्पोवाला शिव्या देत बाजूनं निघून गेला तरी मी तिथंच होते.